कानामागची पट्टी, पोटदुखीची गोळी आणि कुंपणावरचा धोत्रा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाबी कळेल. तुम्ही निपाणीच्या, पुढच्या महिन्यात घरचं लग्न पणजीला आहे, गाडी बेळगाववरून जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाटातून जाणार. ९ वर्षांच्या मुलीला घाट लागला की उलट्या सुरू होतात. इंग्लंडातला भाऊ म्हणतोय कानामागं चिकटवायचा पॅच आणतो, पोरीला अर्धा कापून लाव, आणि सासरे ७१ चे, त्यांनापण गाडी लागते तर त्यांना अख्खा लाव. घरात पोटदुखीच्या बुस्कोपॅनच्या गोळ्या आहेत, त्याच्यावर "हायोसिन" लिहिलंय आणि पॅचमध्येपण हायोसिनच, मग तीच गोळी देऊन भागेल का? आणि सासूबाई म्हणतात ते धोत्र्याचं औषध आहे, पोरीचं डोकं फिरेल, अजिबात देऊ नको.

उत्तर पहिलं देऊन टाकतो. बुस्कोपॅननं गाडी लागायची थांबत नाही. पॅच पोरीला नको, अर्धा कापून तर नकोच नको. सासऱ्यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, तर त्यांनाबी नको, आणि या सगळ्या प्रश्नात मला खरी काळजी त्या एका वाक्याची वाटली. सासूबाई अर्ध्याहून जास्त बरोबर आहेत. आता का ते सांगतो. मी फार्मासिस्ट, आधी ९ वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत होतो, मग बेळगावात स्वतःचं मेडिकल टाकलं त्याला १८ वर्षं झाली. गोव्याकडं जाणारी माणसं सकाळी सकाळी काउंटरवर येऊन "उलटीची गोळी द्या की ओ" म्हणतात, त्यामुळं हा विषय माझ्या रोजच्या धंद्यातला आहे.

पहिलं नावाचं बघू, कारण सगळा घोळ तिथंच आहे. हायोसिन आणि स्कोपोलमिन हे एकच औषध. ब्रिटिश लोक हायोसिन म्हणतात, अमेरिकन स्कोपोलमिन. हायोसायमस म्हणजे आपल्याकडं खुरासानी ओवा म्हणतात ती वनस्पती, तिच्यावरून पहिलं नाव, आणि स्कोपोलिया नावाची युरोपातली दुसरी वनस्पती, तिच्यावरून दुसरं. १८८० च्या सुमाराला आल्बर्ट लाडेनबुर्ग या जर्मन केमिस्टनं ते वेगळं काढलं. धोत्रा, खुरासानी ओवा, बेलाडोना ही सगळी वांगी-मिरची-बटाट्याच्याच कुळातली झाडं, आणि त्यांच्यात अॅट्रोपिन आणि हायोसिन हे दोन सख्खे भाऊ कमीजास्त प्रमाणात सापडतात. आज कारखान्यात जे हायोसिन बनतं ते बरंचसं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडकडं डुबोइसिया नावाच्या झाडाची शेती करतात, त्याच्या वाळवलेल्या पानांतनं काढलेलं असतं. एवढी केमिस्ट्री पुढं गेली तरी हे औषध झाडातनं काढणंच परवडतं, हे मला अजूनपण गमतीचं वाटतं.

आता स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षर वाचा. तुमच्या गोळीवर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड लिहिलेलं असणार, १० मिलिग्रॅम. घाट लागणाऱ्यांसाठी परदेशात जी गोळी मिळते ती हायोसिन हायड्रोब्रोमाइड, आणि तिचा डोस किती, तर ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे आकडा बघितला तर तुमची गोळी तीसपटीनं मोठी, आणि तरी उलटीला उपयोग शून्य. असं कसं? तर ब्युटिलब्रोमाइड करताना हायोसिनच्या रेणूतल्या नायट्रोजनला एक जादा शेपूट जोडतात, त्यामुळं त्या रेणूवर कायमचा विद्युत भार बसतो. आणि मेंदूभोवती जी रक्ताची गाळणी असते ती असल्या भारवाल्या रेणूला दारात उभंपण करत नाही. आतड्यातनं रक्तातसुद्धा ते नावापुरतंच शिरतं, बाकी सगळं आतड्यातच राहून तिथले पेटके सोडवतं. पोटात कळ आली, पाळीत पोट दुखलं, किडनी स्टोनची कळ आली, तिथं ते चांगलं काम करतं, इंजेक्शन २० मिलिग्रॅमचं असतं. पण गाडी लागणं हे पोटाचं दुखणं नाहीच मुळात, ते डोक्यातलं काम आहे. पोटात फक्त त्याचा निकाल लागतो.

डोक्यात काय होतं बघा. कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं आपण वळलो, फिरलो, कललो. चोर्ल्याच्या वळणावर पोरगी मान खाली घालून मोबाइल बघत असली तर कान म्हणतोय आपण फिरतोय, डोळे म्हणतायत आपण तर जाग्यावर बसलोय, आणि दोघांच्या या भांडणात मेंदूतलं उलटीचं केंद्र पेटतं. कानाकडनं त्या केंद्राकडं निरोप जातो त्या वाटेवर दोन रसायनं मुख्य, एक अॅसिटिलकोलिन आणि एक हिस्टामिन. हायोसिन अॅसिटिलकोलिनच्या मस्कॅरिनिक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घ्यायच्या जागेवर, स्वतः जाऊन बसतं, जागा अडवतं, करत काहीच नाही. कुलपात चुकीची किल्ली घालून ठेवल्यासारखं. निरोप पोचत नाही, उलटी होत नाही.

यातनंच आणखी एक गोष्ट निघते ती लक्षात ठेवा, कारण ही चूक मी आठवड्याला दोनतीनदा तरी बघतो. लोक येतात आणि "एमसेट द्या" म्हणतात, म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन. ते औषध जुलाब-उलटीला, ऑपरेशननंतर, कॅन्सरच्या केमोनंतर उत्तम, त्यात वाद नाही. पण ते सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर काम करतं आणि गाडी लागायच्या वाटेवर सेरोटोनिनचा फारसा संबंधच येत नाही. डोमपेरिडोनचं पण तसंच. मग माणूस कणकुंबीच्या पुढं उलटी करतो आणि परत येऊन मला म्हणतो तुमची गोळी डुप्लिकेट होती. डुप्लिकेट नव्हती ओ, तुम्ही मागितलीतच दुसऱ्या दुखण्याची.

आता पॅच. तो १९७९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला, आणि कातडीतनं औषध देणारा तिथं मंजूर झालेला तो पहिलाच पॅच. आज हृदयाचे, दुखण्याचे, सिगारेट सोडायचे जे पॅच दिसतात ती सगळी त्याच्या मागनं आलेली पोरं. एका पॅचमधनं ३ दिवसांत मिळून साधारण १ मिलिग्रॅम औषध अंगात जातं, थेंब थेंब, सारख्या गतीनं. कानामागंच का, कानाचं दुखणं म्हणून नव्हे, तर तिथली कातडी औषध चांगलं आत सोडते म्हणून. हाताला लावला तर तेवढं जात नाही. लावल्यावर असर यायला ४ तास तरी लागतात, म्हणजे जांबोटीला पोचल्यावर मळमळतंय म्हणून लावून काही होत नाही. आणि औषध त्या पट्टीत थरांमध्ये मोजून बसवलेलं असतं, ते कापायचं नाही असं कंपनीच स्पष्ट लिहिते. अर्धा पॅच म्हणजे अर्धा डोस हा हिशोब तुमच्या भावानं गोळीवरनं काढलाय. शिवाय अमेरिकेत हा पॅच लहान मुलांसाठी मंजूरच नाही, इंग्लंडातपण १० वर्षांच्या पुढं. तुमची पोरगी ९ ची. पोरांच्यात या औषधानं डोकं भ्रमण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि अंगाला घाम यायचा थांबतो म्हणून उन्हात ताप चढू शकतो, तेपण मे महिन्यात, बंद गाडीत.

सासऱ्यांचं तर सरळच सांगतो. लघवीची पिशवी दाबली जाते ती याच अॅसिटिलकोलिनच्या जोरावर. प्रोस्टेट वाढून वाट आधीच अरुंद झालेली, त्यात पिशवीचा जोर काढून घेतला की लघवी तुंबते. माझ्याच एका गिऱ्हाइकाच्या वडिलांना असा परदेशातनं आलेला पॅच लावून घाटातनं नेलं होतं. उलटी एकपण झाली नाही, सगळे खूश. रात्री म्हातारबाबा अंगावरचं पांघरूण चिमटीत धरून काहीतरी वेचायला लागले, भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाले, आणि सकाळपर्यंत लघवी नाही, पोट फुगलेलं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालावी लागली. घरच्यांना वाटलं करणी-भानामती, कानामागच्या टिकलीचं कुणाला आठवलंच नाही, ती केसात झाकलेली होती, नर्सनं बघितली म्हणून सुटले. पॅच काढला आणि एका दिवसात बाबा परत आमचं राजकारण कसं चुकलं ते सांगायला लागले. म्हाताऱ्या माणसात हे औषध विसरभोळेपणा आणि भ्रम आणतंच असं नाही, पण आणलं तर फार वाईट आणतं. काचबिंदूचा एक प्रकार असतो त्यात डोळ्यातला कोन अरुंद असतो, त्यांनाबी हे वर्ज्य. आणि एक लक्षात घ्या, बुस्कोपॅन मेंदूत जात नाही म्हणून प्रोस्टेटवाल्याला बिनधास्त चालतं असं समजू नका, लघवीची पिशवी काही मेंदूत नसते.

डोळ्यावरनं आठवलं. पॅच लावला आणि तेच बोट डोळ्याला लागलं तर त्या एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसते, जवळचं धूसर दिसतं. एका बाईंना असंच झालं, एक बाहुली मोठी एक लहान, घरच्यांनी लकवा समजून रात्री सीटी स्कॅनपर्यंत नेलं. स्कॅन नॉर्मल. हात धुतले असते तर पैसे वाचले असते.

आता सासूबाईंच्या धोत्र्याकडं येतो. कन्नडमध्ये आपले लोक त्याला उम्मत्त म्हणतात, म्हणजे संस्कृतातलं उन्मत्त, नावातच सगळं सांगून टाकलंय. महाशिवरात्रीला कपिलेश्वराला धोत्र्याचं फूल-फळ वाहतात, ते वाहायचंच आहे, खायचं नाही. धोत्र्यात हायोसिन आहे हे खरं, पण अॅट्रोपिनपण आहे, आणि किती आहे हे एका झाडाचं दुसऱ्याला जुळत नाही, एकाच झाडात पानाचं बियाला जुळत नाही, ऋतू बदलला की परत बदलतं. ज्या औषधाचा डोस ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चारपाच कणांएवढा, ते चिमटीनं मोजणार कसं? उलटीवर धोत्र्याचं पान चघळा असं कुणी सांगितलं तर त्या माणसाच्या घरचा चहापण घेऊ नका. आयुर्वेदातपण धोत्रा शोधन, म्हणजे शुद्ध, केल्याशिवाय वापरत नाहीत, कनकासव नावाच्या औषधातला कनक म्हणजे हाच, आणि कायद्यानंसुद्धा त्याला विषारी द्रव्यांच्या यादीत टाकलंय.

आपल्या भागाला जवळची एक गोष्ट सांगतो. फोरेन्सिकच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांना धोत्र्याचं बी आणि मिरचीचं बी शेजारी शेजारी ठेवून फरक शिकवतात, कारण दोन्ही दिसायला चुलत भावंडं. संकेश्वरी मिरची फोडून बी बघा, फिकट पिवळं, चपटं, जिभेला लावलं तर जाळ. धोत्र्याचं तपकिरी, कडेला जाडसर, आणि चव तिखट नाही तर कडू (चाखून बघायला सांगत नाही, उगीच प्रयोग नको). पूर्वी वाटसरूला खाण्यातनं धोत्रा घालून लुटायचे ते याच्याच जोरावर, शुद्धीवर आल्यावर माणसाला कुणी लुटलं तेच आठवत नसे. आठवण पुसणं हा हायोसिनचा गुणच आहे. १९०० नंतरच्या काळात जर्मनीत फ्रायबुर्गला मॉर्फिन आणि हायोसिन एकत्र देऊन बाळंतपणं करत होते, बाईला कळा यायच्या, ती ओरडायचीपण, पण नंतर आठवायचं काही नाही. तेव्हा लोकांना ते मोठं वरदान वाटलं, बाळांचा श्वास मंदावतो हे कळल्यावर मागं पडलं.

धोत्रा पोटात गेला तर साधारण अर्ध्याएक तासात लक्षणं सुरू होतात. तोंडाला कोरड, गिळता येत नाही, चेहरा लाल, अंग गरम पण घाम नाही, बाहुल्या मोठ्या, नाडी जोरात, आणि बडबड, हवेत काहीतरी पकडायचा प्रयत्न. हे औषध आतड्याची हालचालच थांबवतं, त्यामुळं आत गेलेलं बी तिथंच पडून राहतं आणि त्रास एकदोन दिवस चालतो. असं काही दिसलं तर लिंबू-ताक-मीठपाणी करत बसू नका, उलटी काढायच्या नादाला लागू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि झाडाचा तुकडा मिळाला तर सोबत न्या. त्याच्यावर फायसोस्टिग्मिन नावाचा उतारा आहे, तो पण एका विषारी आफ्रिकन बियातनंच निघालेला.

याच्या बरोबर उलटं दृश्य मी हॉस्पिटलात असताना बघितलंय. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या ऊसपट्ट्यातनं कीटकनाशक पोटात गेलेले पेशंट यायचे, त्यांच्यात अॅसिटिलकोलिन एवढं साठतं की तोंडातनं फेस, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या. तिथं धोत्र्याचा दुसरा भाऊ अॅट्रोपिन लागायचा, छाती सुकेपर्यंत अँप्युलवर अँप्युल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्यांवर कुप्या. रात्रीत खोकी रिकामी व्हायची. धोत्र्यातलं जे विष ठरतं तेच तिथं माणूस वाचवतं, म्हणून या कुळाला नुसतं वाईट म्हणायलापण माझं मन होत नाही.

हायोसिनचे बाकीचे उपयोगपण आहेत. ऑपरेशननंतरच्या मळमळीला तोच पॅच वापरतात. अंतराळवीरांना वर गेल्यावर मळमळतं, नासानं त्यांच्यासाठी हे बरंच वापरलंय, झोप येऊ नये म्हणून सोबत जागं ठेवणारं औषध देऊन. आणि शेवटच्या आजारात माणसाच्या घशात लाळ साठून जी घरघर होते, ती कमी करायला हायोसिन देतात. ती घरघर पेशंटला किती जाणवते देव जाणे, पण उशाशी बसलेल्यांना ती ऐकवत नाही. दम्याच्या नेब्युलायझरमध्ये ड्युओलिन घालतात ना, त्यातलं इप्राट्रोपियम हे अॅट्रोपिनला तीच भाराची शेपूट जोडून केलेलं. त्याची गोष्ट तर मद्रासपासनं सुरू होते, १८०२ च्या सुमाराला तिथनं एका इंग्रज जनरलनं दम्यावर ओढायचा धोत्रा ब्रिटनला पाठवला होता. असो, भरकटलो.

पोरीचं काय करायचं ते बघू. आपल्याकडं साध्या मेडिकलमध्ये मिळतं आणि चालतं ते अॅव्होमिन, म्हणजे प्रोमेथॅझिन, ते हिस्टामिनच्या बाजूनं तीच वाट अडवतं. गोळी २५ मिलिग्रॅमची, या वयाला साधारण अर्धी, निघायच्या तासदोन तास आधी, पण वजन आणि बाकीची औषधं बघून तुमच्या पोरांच्या डॉक्टरांकडनं एकदा पक्कं करून घ्या. बेळगाव सोडल्यावर नव्हे, निपाणीत घरीच, निघायच्या आधी. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हे कधीच द्यायचं नाही, लग्नाला भावजयीचं लहान बाळ असेल तर त्याच बाटलीतलं-गोळीतलं चिमूटभर असलं काही करू नका. झोप येते त्यानं, आणि पोरगी झोपली तर उत्तमच. ड्रायव्हरनं मात्र घ्यायचं नाही, त्याला घाट लागत असेल तर ड्रायव्हर बदला. सासऱ्यांना यातलं काही स्वतःहून देऊ नका, प्रोमेथॅझिनपण लघवी अडवू शकतं, त्यांच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांना ड्रायव्हरच्या शेजारची सीट द्या.

पोरीला मधल्या रांगेत बसवून समोरचा लांबचा रस्ता बघायला लावा, मोबाइल तुमच्या पर्समध्ये. सकाळी पोट अगदी रिकामं नको आणि मिसळ-पुरीनं भरलेलंपण नको, दोन इडल्या पुरे. जांबोटीला थांबा, पाय मोकळे करू दे. आलेपाकाची वडी चघळायला द्या, आल्याचा थोडाफार उपयोग होतो, नुकसान तर काही नाही.

आणि भाऊ पॅच घेऊन येणारच असेल, तुम्हालाबी गाडी लागते असं लिहिलंय, तर तो तुम्ही स्वतः वापरू शकता, पोटात किंवा अंगावर पिणारं बाळ नसेल, काचबिंदू नसेल, झोपेची-मनाची गोळी चालू नसेल तर, आणि आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवून. आदल्या रात्री झोपताना कानामागं कोरड्या जागेवर एकच लावा, साबणानं हात धुवा. सोबत अॅव्होमिन घेऊ नका, दोन्ही मिळून लग्नात तुम्ही पेंगत बसाल. तोंड कोरडं पडेल, पाणी जवळ ठेवा. तीन दिवसांच्या आत परत आलात तर आल्यावर काढून टाका, एमआरआय काढायचा असेल तर त्याच्या आधी तर नक्कीच, काही पॅचच्या मागच्या बाजूला धातूचा थर असतो आणि भाजतं. काढलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं, तो चिकट बाजू आत करून दुमडा आणि पोरांच्या, कुत्र्यामांजराच्या तोंडी लागणार नाही असा टाका.